भुताचं मागणं : मेडोज टेलरचा तंबू, डिकन्सचा बोगदा आणि बालाघाटाची रात्र

निजामाच्या चाकरीतला एक इंग्रज अधिकारी हैदराबादच्या वाटेवर होता. मक्तलहून दुपारी निघून संध्याकाळभर मजल मारल्यावर तो एका खेड्याजवळ मुक्कामाला उतरला. अंग थकलेलं, हवेत उकाडा, गावातली कुत्री भुंकत होती, माळावर कोल्हे ओरडत होते. झोप लागेना. तंबूचं दार उघडंच होतं. लख्ख चांदणं पडलं होतं. आणि त्या दारात त्याला एक स्त्री दिसली. ती त्याच्या ओळखीची होती. तरुणपणी इंग्लंडमध्ये तिच्यावर त्याचा जीव जडला होता. आता तिचा चेहरा थोडा प्रौढ आणि फार दुःखी दिसत होता. अंगावर पांढराशुभ्र, लेस लावलेला पोशाख होता. हात पुढे करून ती विनवत होती, मला जाऊ देऊ नकोस. तो उठून धावला. आकृती मागे सरत गेली, फिकट होत गेली आणि दिसेनाशी झाली. मोकळ्या मैदानात अनवाणी उभ्या असलेल्या साहेबाकडे पहाऱ्यावरचा शिपाई चकित होऊन पाहत राहिला. साहेब काही न बोलता तंबूत परतला. पुढे त्यानं वडिलांना पत्र लिहून विचारलं, तिच्या बाबतीत मला काही आशा आहे का? उत्तर आलं की फार उशीर झाला. ज्या दिवशी ती त्याला दिसली, त्याच दिवशी तिचं लग्न लागलं होतं.

हा अधिकारी म्हणजे फिलिप मेडोज टेलर. ही हकीकत त्यानं कथा म्हणून लिहिलेली नाही. ती त्याच्या आत्मचरित्रात आहे आणि ते त्याच्या मृत्यूनंतर, १८७७ मध्ये प्रसिद्ध झालं. इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या चौसष्ट वर्षांत, हजारो भूतकथा छापल्या गेल्या. त्या वाचकाच्या मनात भीती कशी उभी करत, हे समजून घ्यायचं तर लंडनचं धुकं आणि स्कॉटलंडचे किल्ले यांच्याआधी निजामाच्या मुलखातला हा तंबू पाहावा. भीतीचं सगळं कसब त्या एका पानात आहे.

ज्याच्या परिसरातल्या गोष्टींकडे आपण शेवटी येणार आहोत, ते नांदूरघाट बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, बालाघाटाच्या पठारी मुलखात आहे. टेलरच्या काळात हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता. आज आपण ज्याला अंबाजोगाई म्हणतो ते गाव तेव्हा मोमिनाबाद म्हणून ओळखलं जाई आणि तिथं हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. १८५३ च्या तहानं निजामानं कंटिन्जंटच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. त्यातल्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलरकडे आला आणि १८५७ पर्यंत तो तिथं होता. मराठवाड्यातून दरवर्षी ज्या तुळजापूरच्या भवानीला माणसं पायी जातात, ते तुळजापूर त्याच्याच हद्दीत होतं. त्याच तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्यानं ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, ती १८६३ मध्ये निघाली. त्याआधी १८३९ मध्ये आलेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’नं तो इंग्लंडात घरोघरी पोहोचला होता. म्हणजे इंग्रज वाचकाला हिंदुस्थानच्या रात्रीची आणि वाटेवरच्या मरणाची भीती ज्यांनी पहिल्यांदा चाखवली, त्यांत आपल्या शेजारच्या जिल्ह्याचा हा कारभारी अग्रभागी होता.

आता तंबूतल्या त्या रात्रीकडे पुन्हा पाहू. टेलर आधी भूत दाखवत नाही. आधी थकवा, उकाडा, कुत्र्यांचं भुंकणं. हे सगळं वाचकाच्या ओळखीचं, कुणालाही पटेल असं. मग उघडं दार. मग चांदणं. भीती येते ती या साध्या गोष्टींच्या पाठोपाठ, आणि ती येईपर्यंत वाचक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवून बसलेला असतो. मग तो पहारेकरी. त्याला भूत दिसलेलं नाही, पण साहेब धावताना त्यानं पाहिला आहे. भूत न पाहिलेल्या एका साक्षीदारामुळे पाहिलेल्याची हकीकत पक्की होते. टेलर साल मुद्दाम सांगत नाही, त्या स्त्रीचं नाव गाळून तिथं नुसती रेघ ओढतो. लपवण्यासारखं काही आहे म्हणजे ते खरं असणार, असं वाचकाला वाटू लागतं. शेवटी वडिलांचं पत्र येतं. ते कोरडं आणि अगदी थोडक्यात आहे. आकृती नाहीशी होते तेव्हा अंगावर जेवढा काटा येत नाही, तेवढा हे पत्र वाचताना येतो.

आणखी एक गोष्ट त्या हकीकतीत आहे, ती सगळ्यांत महत्त्वाची. ती स्त्री काहीतरी मागते. टेलरला घाबरवायला ती आलेली नाही. तिचं एक मागणं आहे आणि ते पुरं करणं त्याच्या हातात उरलेलं नाही. त्या काळातल्या उत्तम इंग्रजी भूतकथा वाचताना मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते. विश्वासू साक्षीदार, हळूहळू दाटत जाणारा काळोख आणि भागवता न येणारं मागणं, या तीन खांबांवर व्हिक्टोरियन भूतकथा उभी आहे.

टेलरच्याच आयुष्यात याचा आणखी एक दाखला आहे. नळदुर्गला येण्याआधी तो शोरापूर संस्थानात होता. तिथला राजा वेंकटप्पा नाईक तेव्हा लहान होता. त्याच्या पत्रिकेत त्याचा चोविसाव्या वर्षी अंत होईल असं भाकीत होतं आणि ते टेलरला विश्वासात घेऊन सांगितलं गेलं होतं. १८५८ मध्ये त्याचं बंड मोडल्यावर राजाला फाशीची शिक्षा झाली, नंतर ती कमी करून चार वर्षांची कैद ठरली. भाकीत खोटं ठरलं असं वाटत असतानाच, कैदेकडे नेताना वाटेवर पिस्तुलाची गोळी लागून राजा मेला. या हकीकतीत भूत कुठेच नाही. पण शेवट आधी कळलेला असतो आणि मधली वर्षं तो टळण्याची वाट पाहण्यात जातात. ही वाट पाहणं हेच भीतीचं शरीर आहे. इंग्लंडातले कथाकार ते अगदी अचूक ओळखत होते.

नाताळचा अंक आणि शेकोटी

इंग्लंडात त्या काळी घरंदारं बदलत होती. शहरं गॅसच्या दिव्यांनी उजळली होती, पण त्या दिव्यांचा उजेड थरथरता होता आणि जिन्याखाली, कोपऱ्यात सावल्या तशाच होत्या. १८५५ मध्ये वृत्तपत्रांवरची मुद्रांक आकारणी गेली आणि १८६१ मध्ये कागदावरचा कर उठला. छपाई स्वस्त झाली, नियतकालिकं घरोघरी जाऊ लागली. नाताळच्या लांब रात्री शेकोटीभोवती बसून भुताच्या गोष्टी सांगण्याची जुनी चाल होतीच. चार्ल्स डिकन्सनं १८४३ मध्ये ‘अ ख्रिसमस कॅरल’ लिहून ती छापील पानावर आणली. मग त्यानं आपल्या साप्ताहिकांचे खास नाताळ अंक काढायला सुरुवात केली आणि त्यांत भूतकथेला मानाची जागा दिली.

असाच १८५२ चा नाताळ अंक. त्यात एलिझाबेथ गॅस्केलची एका म्हाताऱ्या दाईची गोष्ट आली. एका मोठ्या जुन्या वाड्यात, बर्फ पडत असताना, खिडकीबाहेर एक लहान मुलगी येते आणि आतल्या मुलीला खेळायला बोलावते. ऐकणाऱ्याला आधी कीव येते, मग हळूहळू उलगडा होतो. वाड्याच्या मालकानं आपल्या मुलीला तिच्या लहान मुलीसह बर्फात हाकललं होतं आणि तिच्या सख्ख्या बहिणीनंच तिचं गुपित फोडलं होतं. आता ती बहीण म्हातारी आहे, वाड्यातच राहते, आणि त्या रात्री आपलंच जुनं पाप डोळ्यांसमोर पुन्हा घडताना तिला पाहावं लागतं. मेलेलं लेकरू या गोष्टीत फारसं भयानक नाही. भयानक आहे ती घरात राहिलेली, गुन्हा करून म्हातारी झालेली बाई. अमेलिया एडवर्ड्स, मार्गारेट ऑलिफंट, एडिथ नेस्बिट, शार्लट रिडेल अशा अनेक स्त्रियांनी या प्रकारात आपापली गोष्ट लिहिली. दिवाणखान्यात उघड बोलता येत नव्हतं ते वारसाहक्काचं, फसवणुकीचं, टाकून दिलेल्या बायकांचं दुःख त्यांनी भुताच्या तोंडी घातलं.

बोगद्याच्या तोंडाशी

त्या काळाची सगळ्यांत मोठी नवी भीती रेल्वेची होती. २५ ऑगस्ट १८६१ रोजी ब्रायटनजवळ क्लेटन बोगद्यात दोन गाड्या आदळल्या आणि २३ माणसं मेली. सिग्नल सांभाळणाऱ्या माणसांच्या गोंधळातून तो अपघात झाला होता. त्यातला एक जण सलग चोवीस तासांच्या पाळीवर होता. ९ जून १८६५ ला स्टेपलहर्स्टजवळ गाडी पुलावरून घसरली आणि १० माणसं दगावली. त्या गाडीत स्वतः डिकन्स होता. जखमींना पाणी पाजत, मदत करत तो त्या डब्यांमधून फिरला. पुढं रेल्वेत बसताना त्याला कायम धास्ती वाटे. बरोबर पाच वर्षांनी, ९ जून १८७० रोजी, तो वारला.

या अनुभवानंतर दीड वर्षानं, १८६६ च्या नाताळ अंकात, त्याची ‘द सिग्नल-मॅन’ ही गोष्ट आली. खोल खणलेल्या ओलसर मार्गिकेत, बोगद्याच्या तोंडाशी, एक सिग्नलवाला एकटाच पाळी करतो. लाल दिव्याजवळ त्याला एक आकृती दिसते. एक हात डोळ्यांवर आणि दुसरा हात जोरात हलवणारी. पहिल्यांदा दिसल्यानंतर काही तासांतच भीषण अपघात होतो. दुसऱ्या वेळी धावत्या गाडीत एक तरुणी मरते. आता ती आकृती तिसऱ्यांदा आली आहे आणि पुढं काय होणार हे त्याला कळत नाही. तो शिकलेला, नेमस्त, कामात चोख माणूस आहे. त्याच्या घंटेला, तारेला, दिव्याला तो नेमाने जागतो. म्हणूनच त्याची तगमग वाचकाच्या जिवाला लागते. भूत त्याला इशारा देतं पण उपाय सांगत नाही. तारेनं कळवलं तर वरचे विचारणार, धोका कसला आणि कुठे? त्याच्याजवळ उत्तर नाही. शेवटी इंजिनाखाली तोच येतो आणि इंजिनचालकानं ओरडून केलेली खूण हुबेहूब त्या आकृतीची निघते.

या कथेत रक्त नाही, सांगाडा नाही. आहे तो कामाचा बोजा आणि एकट्या माणसावर टाकलेली शेकडो जिवांची जबाबदारी. यंत्रं माणसापेक्षा वेगानं पुढं गेली आणि त्यांची चूक सावरायला खाली एक गरीब नोकर उभा केला गेला, हे डिकन्सनं भुताच्या रूपात सांगितलं. दिवसा वर्तमानपत्रात अपघाताची बातमी वाचणाऱ्या आणि रात्री त्याच गाडीनं घरी जाणाऱ्या वाचकाला ही भीती परकी नव्हती.

विद्वानही भुताच्या मागे

हा काळ विज्ञानाचा होता, तरी भुतांवरचा विश्वास ओसरला नाही. उलट त्याला प्रयोगाचं वळण लागलं. १८४८ मध्ये अमेरिकेत फॉक्स बहिणींनी टकटकीतून मृतांशी बोलण्याचा दावा केला आणि टेबलाभोवती बसून आत्म्यांना बोलावण्याची लाट युरोपभर पसरली. १८७९ मध्ये मॅडम ब्लाव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत उतरले आणि गूढविद्येचा अभ्यास करणाऱ्या त्यांच्या थिऑसॉफिकल सोसायटीचं काम काही वर्षं तिथून चाललं. १८८२ मध्ये लंडनला परामानसशास्त्राचा अभ्यास करणारी संस्था स्थापन झाली. तिनं सुमारे १७,००० लोकांना एकच प्रश्न विचारला : पूर्ण जागे असताना तुम्हाला कधी असं कुणी दिसलं किंवा ऐकू आलं आहे का, की जे तिथं प्रत्यक्षात नव्हतं? १८९४ च्या अहवालाप्रमाणे जवळजवळ दहा टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं.

लेखकांनी या वृत्तीचा उपयोग करून घेतला. आयरिश लेखक शेरिडन ले फानूनं १८७२ च्या आपल्या संग्रहातल्या कथा डॉक्टर हेसेलियस नावाच्या वैद्याच्या टिपणांतून सांगितल्या. रुग्णाचं वय, सवयी, औषध सगळं नोंदलेलं असतं आणि त्यातूनच अंधार वर येतो. गावगप्पा ऐकताना वाचक मनात पळवाटा शोधतो. डॉक्टरांच्या नोंदवहीत त्या मिळत नाहीत.

शतक संपता संपता केंब्रिजचे विद्वान एम. आर. जेम्स यांनी हे तंत्र आणखी धारदार केलं. १८९३ पासून ते मित्रमंडळींपुढे मेणबत्तीच्या उजेडात आपल्या गोष्टी वाचून दाखवत. पुढं किंग्ज कॉलेजात नाताळच्या रात्रीचा तो रिवाजच झाला. १९०४ मध्ये त्यांचा पहिला संग्रह निघाला. जुनी हस्तलिखितं, चर्चमधल्या थडग्यांवरचे लेख, समुद्रकाठी सापडलेली शिट्टी अशा अगदी साध्या वस्तूंतून त्यांची भीती निघते. सुरुवात शांत, घरगुती, थोडी खेळकरही असते. मग एका कोपऱ्यात काहीतरी चुकीचं दिसतं, नीट दिसत नाही, आणि पुन्हा दिसतं तेव्हा ते जवळ आलेलं असतं.

मुंबईतला हरवलेला हात

व्हिक्टोरियन भीतीचं मोठं कोठार हिंदुस्थान होता. रुडयार्ड किपलिंग मुंबईतच, १८६५ मध्ये जन्मला. त्याची ‘द फँटम रिक्षा’ ही कथा प्रथम १८८५ च्या नाताळात लाहोरच्या इंग्रजी वर्तमानपत्राच्या वार्षिकात आली. सिमल्यातल्या एका अधिकाऱ्यानं जिला झिडकारलं, ती बाई दुःखानं मरते आणि तिची पिवळ्या रंगाची रिक्षा, काळ्यापांढऱ्या गणवेशातल्या रिक्षावाल्यांसह, भर वस्तीच्या रस्त्यावर त्याला दिसत राहते. ती रागावत नाही, फक्त म्हणत राहते की काहीतरी चूक झाली आहे. १८८८ मध्ये अलाहाबादच्या व्हीलर कंपनीनं ही कथा आपल्या रेल्वे ग्रंथमालेत एक रुपयाला विकायला आणली. रेल्वेच्या फलाटावर रेल्वेतल्या प्रवाशांसाठी ती विकली जाऊ लागली. त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या एका गोष्टीत डाकबंगल्यात रात्री शेजारच्या खोलीतून बिलियर्डचा आवाज येत राहतो. किपलिंग शेवटी एका उंदरावर आणि सैल खिडकीवर सगळं आणून ठेवतो. पण ते कळेपर्यंत वाचक भीतीनं गोठलेला असतो. ज्यांनी आडबाजूच्या डाकबंगल्यात एक रात्र काढली आहे, त्यांना हे सांगायला नको.

आर्थर कॉनन डॉइल यांची १८९९ ची ‘द ब्राउन हँड’ ही गोष्ट तर थेट मुंबईशी बांधलेली आहे. मुंबईत नाव कमावलेल्या एका शल्यविशारदानं एका अफगाण रुग्णाचा हात कापला आणि मोबदल्यात तो आपल्या संग्रहासाठी ठेवून घेतला. मरताना आपलं शरीर अखंड असावं अशी त्या माणसाची श्रद्धा. हात परत देण्याचं वचन घेऊनच तो गेला. पण मुंबईतलं घर जळालं आणि हातही गेला. आता डॉक्टर इंग्लंडात निवृत्त झाला आहे आणि दर रात्री तो अफगाण येऊन बरण्यांमध्ये आपला हात शोधतो. डॉक्टरच्या भाच्यानं लंडनच्या खलाशांच्या इस्पितळातून दुसरा हात आणला. पहिला चुकीचा निघाला, कारण तो डावा होता. उजवा मिळाल्यावर मात्र तो मृतात्मा शांत झाला. साम्राज्यानं हिंदुस्थानातून किती काही नेलं, याचा हिशेब इंग्रज मन उघडपणे करत नव्हतं. कथेत मात्र घेणेकरी रात्री दाराशी आला आणि त्यानं आपलं मागितलं. तीन वर्षांनी, १९०२ मध्ये, डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सच्या ‘द मंकीज पॉ’मध्ये हिंदुस्थानातून आलेला माकडाचा पंजा एका साध्या इंग्रज घराची धूळधाण करतो. हे सगळं वाचताना टेलरचा तंबू आठवतो. विलायतेत जे विसरायचं ठरवलं होतं, तेच इथल्या रात्रीत समोर येऊन उभं राहिलं होतं.

मराठीत भीती कशी आली

आपल्याकडे छापील गोष्टींच्या आधीच ‘वेताळ पंचविशी’ होती. इंग्रजी वळणाचं रहस्य आणि धास्ती मराठीत आली ती मात्र लोकप्रिय कादंबऱ्यांच्या वाटेनं. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा लंडनच्या अंधाऱ्या गल्ल्या रंगवणारा लेखक तेव्हा हिंदुस्थानात प्रचंड वाचला जाई. हरि नारायण आपट्यांनी आपली पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये त्याच्याच धर्तीवर लिहिली. पुढं त्यांनी वास्तव समाजचित्रणाचा मार्ग धरला, पण वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहायला लावण्याचं तंत्र मराठीत रुजलं. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये ‘मासिक मनोरंजन’ सुरू केलं आणि १९०९ मध्ये इंग्रजी नाताळ अंकांचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून पहिला दिवाळी अंक काढला. पुढं ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या दिवाळी अंकांनी गूढकथेला आणि भयकथेला घर दिलं. डिकन्सच्या नाताळातली शेकोटी मराठीत येऊन दिवाळीच्या फराळाशेजारी पेटली.

नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी ही परंपरा आपल्या मातीत खोल नेली. धारपांची भाषा साधी आणि अतिशय संयत. त्यांच्या गोष्टीत आधी घर, रस्ता, माणसाची दिनचर्या, आणि मग एक न जुळणारी खूण. ‘लुचाई’मध्ये त्यांनी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’चा आधार घेतला. ‘सेलम्स लॉट’ स्वतः ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’चं वंशज आहे. म्हणजे व्हिक्टोरियन कादंबरीतला ड्रॅक्युला हा उमराव अमेरिकेतल्या एका छोट्या गावातून फिरत मराठी मुलखात येऊन पोहोचला. मतकरींनी भीती मध्यमवर्गीय घरात, चाळीत, शहरातल्या खोलीत आणली आणि तिचं मूळ माणसाच्या अपराधी मनात शोधलं. २०१८ मध्ये आलेल्या राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ या चित्रपटानं धारपांच्या कथेतल्या बीजातून लोभाची गोष्ट उभी केली आणि देशभरातल्या प्रेक्षकाला मराठी भीतीची ओळख झाली.

पण या सगळ्या प्रवासात एक उणीव मला ठळकपणे दिसते. कोकणच्या झाडीला आणि पुण्याच्या वाड्याला जितक्या कथा मिळाल्या, तितक्या मराठवाड्याच्या उघड्या माळाला मिळाल्या नाहीत. इथली माणसं गोष्टी सांगण्यात कमी नाहीत. नांदूरघाटच्या परिसरात, केजच्या बाजूच्या कुठल्याही गावात, बाभळीच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा. तो सुरुवात अशी करेल : मह्या चुलत्याच्या मेव्हण्यानं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. टेलरच्या पहारेकऱ्याचं आणि ले फानूच्या डॉक्टरचं काम इथं चुलत्याचा मेव्हणा करतो. मग वाट कुठली, ओढा कुठला, कुणाच्या रानातली विहीर, हे सगळं नेमकं सांगितलं जातं. ऐकणाऱ्याला ती जागा माहीत असते, उद्या तिथूनच जायचं असतं. आणि म्हणून भीती पक्की होते.

या भुतांचंही मागणं आहे. मुंजा हा मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. हडळ ही बाळंतपणात किंवा पोटात लेकरू असताना मेलेली बाई. विहिरीतल्या आसरांकडे बुडालेल्या मुलांच्या आयांची नजर वळते. आयुष्य अर्ध्यावर तुटलेल्या या माणसांना गावानं विसरू नये म्हणून त्यांच्या गोष्टी सांगितल्या गेल्या. ज्या काळात बाळंतपणात बायका सर्रास मरत, त्या काळाची हडळ ही एक नोंद आहे. गॅस्केलच्या बर्फातली आई आणि आपल्या ओढ्याकाठची बाई यांना एकच दुःख आहे. आजही दरवर्षी इथली माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, उसाच्या फडाजवळ कोपीत राहतात, रात्री गाडी भरतात. त्यांच्या त्या रात्रींमध्येही गोष्टी आहेत. बीड शहरात रेल्वे यायला २०२५ उजाडलं, त्यामुळे डिकन्सच्या बोगद्याची भीती इथं उशिरा आली असेल. पण चोवीस तास राबणाऱ्या सिग्नलवाल्याची थकलेली मान ऊसतोड कामगाराला लगेच कळेल.

इथं एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. गोष्टीतली भीती वेगळी आणि माणसाला धरून बसवलेली भीती वेगळी. मराठवाड्यात भानामतीच्या नावानं बायकांचा अतोनात छळ झाला. आजारी बाईला दवाखान्यात न नेता देवऋषीपुढे बसवलं गेलं, कुणा विधवेवर करणीचा आळ घेतला गेला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं १९८९ पासून या विरुद्ध चिकाटीनं काम केलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. भूतकथेचा प्रेमी या कायद्याच्या बाजूनेच असला पाहिजे. चांगली भूतकथा आपल्याला बळी पडलेल्याच्या बाजूला नेऊन उभं करते. भोंदू मात्र भीती दाखवून नवा बळी शोधतो. या दोन गोष्टी एकत्र करू नयेत.

म्हणून माझी एक विनंती आहे. गावागावांतल्या वाचनालयांनी, शाळांतल्या मराठीच्या शिक्षकांनी आणि लिहू पाहणाऱ्या तरुणांनी आपल्या भागातल्या या गोष्टी सांगणाऱ्याच्या बोलीत, जागेच्या नावासकट, लिहून ठेवाव्यात. कोण कसा मेला, त्याचं काय राहून गेलं, गाव त्याच्याशी कसं वागलं, हेही त्यात यावं. भूत खरं की खोटं हा प्रश्न मागे ठेवावा आणि त्याचं मागणं काय होतं हे आधी विचारावं. इंग्लंडनं आपल्या एका युगाची पापं भूतकथांमध्ये लिहून ठेवली आणि दीडशे वर्षांनंतरही त्या वाचल्या जातात. बालाघाटाच्या रात्री सांगणारी शेवटची पिढी अजून आपल्यात आहे. ती आहे तोवर हे काम व्हायला हवं.